कोपऱ्यावरची रिक्षा

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. लेक ऐरोलीहून माहेरी येते, जेवणं चालू असतात, आणि तिची धाकटी कुत्रा पाळायचा हट्ट धरते. मग लेक ती गोष्ट काढते. 'आम्ही कोपरखैरण्याला राहायचो ना, तिथे खाली एक म्हशींचे डॉक्टर होते...' अशी ती सुरू होते. त्यांची कातडी पिशवी, त्यांची ती भलीमोठी सुई, कुत्रीच्या पाठीवर थाप मारून 'काही नाही, ठणठणीत आहे' म्हणणं, हे सगळं ती हुबेहूब करून दाखवते. मुलं हसतात. मग तिचा आवाज बदलतो. 'त्यांनीच मारलं तिला,' ती म्हणते. 'बाबा पडले भिडस्त. बाबांनी त्यांचं ऐकलं आणि त्यांनी मारलं.'

या गोष्टीत मी साधा, थोडा बावळट, पण चांगला माणूस आहे. मला ते सोयीचं होतं. गेल्या वेळी मुलं हसली तेव्हा मीही हसलो, आणि हसून झाल्यावर ताट तसंच टाकून उठलो. डॉक्टर आता नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या घरात जे बोललं जातं ते खरं नाही, हे माहीत असलेला मी एकटाच आहे. माझंही वय झालं. म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदनंतरची ती पहिली काही वर्षं. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात भांडार सांभाळायचो. कोपरखैरण्याला आमची चार मजल्यांची सोसायटी नवीनच उभी राहिली होती. भोवती मोकळे प्लॉट, त्यांत गुडघाभर गवत, आणि वारा फिरला की कारखान्यांचा वास. बहुतेक लोक माझ्यासारखे, देशावरून किंवा कोकणातून आलेले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावणारे. त्यामुळे सगळ्यांना सोसायटीचे नियम फार प्रिय होते.

कुत्री लेकीने आणली. शाळेच्या वाटेवर बांधकामाच्या वाळूत सापडलेलं पिल्लू, दप्तरात घालून. नाव तिनेच ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. तिला जेवायला दूधपोळी, आणि रविवारी बायकोची नजर चुकवून मटणाचं हाड.

वर्षभरात कुत्रीवरून सोसायटीत सभा बसली. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विषय काढला. 'जिन्यात जनावर नको. उद्या पिसाळली, कुणाच्या पोराला चावली, तर पोटात चौदा इंजेक्शनं कोण घेणार? हे घेणार?' असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. लोक हसले. हात वर होऊ लागले, तेवढ्यात तळमजल्यावरचे डॉक्टर उठले.

डॉक्टर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सगळी नोकरी सरकारी गुरांच्या दवाखान्यात झालेली, आणि निवृत्त होऊन लेकाच्या या घरात राहायला आलेले. अंगात पांढरा सदरा, बोलणं सावकाश. ते म्हणाले, 'कुत्रीची जबाबदारी माझी. सुया मी टोचीन, आजारी पडली तर मी बघीन. काही झालं तर यांना नाही, मला विचारा.' वर केलेले हात खाली आले. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, 'डॉक्टरसाहेबांनी शब्द दिला म्हणून, नाहीतर...' तो 'नाहीतर' नंतर कायम आमच्या डोक्यावर राहिला.

त्या दिवसापासून मी डॉक्टरांचा मिंधा झालो. ते कुत्रीला तपासायचे, टोचायचे, आणि काही देऊ केलं की हात जोडायचे. दिवाळीला आम्ही फराळाचं ताट खाली नेलं की त्यांच्याकडून त्याच ताटात सुकी कोळंबी यायची. त्यांच्या घराची गॅलरी सोसायटीच्या फाटकासमोर होती. फाटक एकच. वेताच्या खुर्चीत बसून ते दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायचे. चांगला माणूस. पण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नसे, हेही खरं.

कुत्री चार-पाच वर्षांची असताना एका उन्हाळ्यात ती आजारी पडली. माज येऊन महिना उलटला होता. खाणं कमी झालं, पोट जरा मोठं दिसू लागलं, दिवसभर मोरीच्या गार फरशीवर पडून राहायची. डॉक्टर वर आले. पोट चाचपलं, थानं बघितली. म्हणाले, 'खोटं गाभण दिसतं. कुत्र्यांत होतं असं. पोट वाढतं, आपोआप उतरतं. थांबून बघू.' एक इंजेक्शन दिलं. त्यांची सुई पाहून बायको नेहमीप्रमाणे आत निघून गेली.

आम्ही थांबून बघू लागलो. उतार पडेना. ती पाणी फार पिऊ लागली.

'अहो, भांडं भरून ठेवते तोवर रिकामं. हे काही बरं लक्षण नाही,' बायको म्हणाली.

'उन्हाळा आहे.'

'उन्हाळा गेल्या वर्षीही होता.'

वाशीला नुकताच कुत्र्या-मांजरांचा एक नवा दवाखाना निघाला होता. भाजीबाजारात भेटलेल्या कुणा बाईने बायकोला त्याबद्दल सांगितलं. तरुण डॉक्टर, फक्त लहान जनावरांचा, ऑपरेशनही करतो. रिक्षाने गेलं तर जवळच. बायकोने विषय काढला आणि मी लगेच म्हणालो, 'आणि डॉक्टरांना काय वाटेल?'

'काय वाटायचंय? माणसालासुद्धा दुसरीकडे दाखवतात.'

'भर सभेत त्यांनी शब्द दिलाय. उद्या तिसऱ्या मजल्याला कळलं की यांचा यांच्याच डॉक्टरवर विश्वास नाही, तर? आणि कुत्री आजारी आहे हे कळलं तर? लगेच म्हणतील पिसाळली.'

'मग काय तिला घरातच मरू द्यायची? डॉक्टरांचा मान राहावा म्हणून?'

तिचं बरोबर होतं हे तेव्हाही कळत होतं. पण मी जिथे वाढलो तिथे उपकार करणाऱ्याच्या दारावरून त्याच्याच कामासाठी दुसऱ्याच्या दारी जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. ते वळण अंगात इतकं मुरलं होतं की बाहेरच्या फाटकाआधी मला तेच आडवं येत होतं. कामावर मालाच्या पेट्या मोजताना मी मनात वाक्यं जुळवायचो. 'डॉक्टर, राग मानू नका, पण...' 'डॉक्टर, लेकीचा हट्ट आहे म्हणून...' घरी येताना फाटकातून आत शिरलो की ते खुर्चीतून विचारायचे, 'काय साहेब, पेशंट कसा आहे?' आणि मी म्हणायचो, 'बरी आहे, बरी आहे.' खरं सांगितलं तर ते वर येतील, पुन्हा सुई टोचतील, आणि आम्ही अजून एक उपकार घेऊन बसू, याची भीती. खोटं सांगितलं तर आजार लपतो. मी रोज खोटं सांगत होतो.

एका संध्याकाळी जिन्यातच बायकोचा संयम सुटला. 'म्हशींच्या डॉक्टरला कुत्रीतलं काय कळणार!' ती मोठ्याने म्हणाली. खाली डॉक्टरांचं दार उघडं होतं. मी तिच्या हाताला धरून वर ओढलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

घरात आल्यावर तिने बेत सांगितला. 'उद्या सकाळी मी पिशवी घेऊन भाजीला म्हणून पुढे जाते. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबवून बसते. तुम्ही हिला रोजच्यासारखी फिरायला म्हणून आणा. गॅलरीतून कोपरा दिसत नाही. दुपारपर्यंत परत. कुणाला काही कळायचं नाही, तुमच्या डॉक्टरांना काही वाटायचं नाही. झालं समाधान?'

मी हो म्हणालो. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

सकाळी लेक शाळेला गेली, बायको पुढे गेली. थोड्या वेळाने मी साखळी लावून कुत्रीला खाली आणलं. जिना उतरताना ती पायरी-पायरीला थांबत होती. फाटकाशी आलो तर गॅलरीतून डॉक्टरांची हाक आली, 'काय साहेब, स्वारी निघाली?'

'हो, जरा पाय मोकळे.'

'थांबा, मीपन येतो.'

एरवी ते कधी येत नसत. चपला घालून, सदऱ्याची बटणं लावत ते बाहेर आले. फाटकाबाहेर उजवीकडे गिरणीचा कोपरा, डावीकडे मोकळे प्लॉट. रोज मी डावीकडे जायचो. कुत्रीने आज उजवीकडे ओढ घेतली. बायको तिकडून गेल्याचा वास तिला लागला असणार. अंगात त्राण नव्हतं तरी मान पुढे काढून ती साखळी ताणत होती.

'तिकडे काय हाय तिचं?' डॉक्टर हसून म्हणाले.

'काही नाही,' मी म्हणालो, आणि तिला डावीकडे वळवलं.

प्लॉटच्या कडेला डॉक्टर थांबले. खाली उकिडवे बसले. तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोटावर दोन्ही हात ठेवले, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'पानी लय पिते ना?'

'उन्हाळा आहे.'

'नाय. ह्यो उन्हाला नाय.' ते उठले, हात सदऱ्याला पुसले. 'साहेब, मना हिचा काय कलत नाय. मी म्हशींचा डाक्टर. माजा हात मोठ्या जनावरावर बसलेला. दुसऱ्या कोनाला तरी दाखवा. वाशीला कोन तरी नवा आलाय म्हनतात.'

आज लिहिताना हे शब्द किती स्वच्छ दिसतात. तेव्हा माझ्या कानांनी त्यातलं एकच ऐकलं, 'म्हशींचा डॉक्टर'. म्हणजे काल जिन्यातलं त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे हे रागावून बोलताहेत, मला चिमटा काढताहेत, माझी परीक्षा बघताहेत. आणि वाशीचं नाव? म्हणजे बेतसुद्धा कळलाय.

आमच्याकडे रुसलेला माणूस असंच म्हणतो, 'आमचं काय, तुम्ही दुसऱ्याला विचारा.' त्यावर समोरच्याने काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. मी तेच म्हणालो.

'छे छे, डॉक्टर! काय बोलताय? तुम्ही असताना आम्ही दुसरीकडे जाऊ? शक्य आहे का?'

'नाय, मी खराच सांगतो.'

'अहो, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. बायकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.'

'वहिनींचा काय? त्या काय बोलल्या?' ते गोंधळले.

'काही नाही. तुम्ही म्हणाल तसंच. दुसऱ्याचं नाव काढू नका.'

ते जितकं सांगत राहिले तितका मी जोरात नाही म्हणत राहिलो. पंक्तीत वाढपी आग्रह करतो आणि आपण पानावर हात आडवा धरतो, तसं. शेवटी त्यांनी मान हलवली. 'बरं. तुमची मर्जी. मी एकदा उद्या बघतो.' एवढं म्हणून ते माझ्याबरोबर चालत परत आले, फाटकापर्यंत, आतपर्यंत. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षात बायको बसली होती. आणि मी कुत्रीला घेऊन जिना चढलो.

पुढे कितीदा तरी विचार केला. ज्या दारासाठी चोरवाट काढली होती, ते डॉक्टरांनी स्वतः उघडून धरलं होतं. ते सहज बोलताना शुद्ध बोलायचे, आणि मनातलं बोलताना त्यांची गावची बोली बाहेर यायची. पाच वर्षं मी हे ऐकत होतो. टोमणा मारणारा माणूस उकिडवा बसून हिरड्या बघत नाही, हेही मला कळायला हवं होतं.

पण याहून वाईट पुढेच आहे.

बायको बऱ्याच वेळाने पायी परत आली. चेहरा लाल. रिकामी पिशवी तिने खुर्चीवर टाकली. 'काय झालं?'

'डॉक्टर बरोबर आले. कसा येणार?'

'मग? काय म्हणाले?'

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आणली का नाही? मी म्हणालो, 'काही नाही म्हणाले. ठणठणीत आहे.'

हा शब्द डॉक्टरांनी कधीही उच्चारला नव्हता. लेक जी नक्कल करते, पाठीवर थाप आणि 'ठणठणीत', ती माझ्या वाक्याची नक्कल आहे. बायकोने ते वाक्य त्या संध्याकाळी चिडून लेकीला सांगितलं, लेकीने मनात धरलं, आणि ते डॉक्टरांच्या तोंडी कायमचं चिकटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वर आले तेव्हा बायकोने दार अर्धवटच उघडलं. 'झोपलीय ती. बरी आहे.' ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलावली.

त्यानंतर तिला उलट्या सुरू झाल्या. मग एका दुपारी ती उठेचना. मी कामावर होतो. बायकोने आणि लेकीने तिला चादरीत उचललं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आणलं, त्या गॅलरीसमोरून, फाटकातून. जे मला इतके दिवस जमलं नाही ते त्यांना जमलं. शेजारच्या दुकानातून मला फोन आला, मी तुर्भ्याहून परस्पर वाशीला पोहोचलो. त्या तरुण डॉक्टरने सांगितलं की गर्भाशयात पू झालेला, ते आतच फुटलं. 'थोडं आधी आणली असती तर काढून टाकलं असतं. वाचली असती.' तो आमच्यावर चिडला नव्हता. हात धुता धुता बोलत होता. टेबलावरच ती गेली. लेक तिचा पडलेला कान हातात धरून उभी होती.

परत आलो तेव्हा डॉक्टर फाटकात येऊन थांबले होते. लेकीच्या हातात रिकामी चादर. त्यांनी विचारायच्या आधीच बायको सुरू झाली. गॅलऱ्यांतून लोक वाकले. 'ठणठणीत होती ना? खोटं गाभण ना? मारलंत तुम्ही तिला! एवढासा जीव! कळत नव्हतं तर सांगायचं होतं ना, की मला कळत नाही!'

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून ते थांबले. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. त्यांनी एक शब्द बोलायचा होता, 'मी सांगितलं होतं, यांना विचारा.' बायको-लेकीसमोर, सगळ्या बिल्डिंगसमोर मी उघडा पडलो असतो. ते बोलले नाहीत.

'चुकलं माझं, वहिनी,' ते म्हणाले, आणि आत गेले.

पुढच्या सभेत त्यांनी अध्यक्षपद सोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आभाराचं भाषण केलं आणि त्यात म्हशींचा विनोद केला. वेताची खुर्ची गॅलरीत रिकामी राहू लागली. लेक खालून जाताना तोंड फिरवायची. वर्ष-दीड वर्षाने ते गावी परत गेले. टेम्पोत सामान भरताना मी खाली होतो. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'तुमची पोर बोलत नाय माज्याशी. तेवढा तिला सांगा कवातरी.'

'हो हो, सांगतो ना. नक्की,' मी म्हणालो.

ते गेल्याचं मला सोसायटीतल्याच कुणाकडून कळलं, तेही उशिरा. 'नक्की' म्हटल्याला पंचवीस वर्षं होत आली असतील.

गेल्या रविवारी लेक आली होती. मुलं खाली खेळायला गेली तेव्हा मी तिला आणि बायकोला बसवलं आणि हे सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते पाळलं. लेक माझ्याकडे न बघता टेबलावरचं प्लास्टिक नखाने खरवडत होती.

'तेव्हा ती चालत होती?' तिने विचारलं.

'हो. हळूहळू.'

'कोपऱ्यापर्यंत चालली असती?'

'ती तिकडेच ओढत होती.'

बायको मांडीवरचे हात बघत म्हणाली, 'आणि मी त्या रिक्षावाल्याला सांगत होते, थांबा हो जरा, येतच असतील.'